जंतनाशक, जंतुनाशक आणि बातमीतला विषाणू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आरोग्याच्या बातम्यांनाही पूर येतो आणि त्या पुरात एकच शब्द जिकडेतिकडे तरंगताना दिसतो: विषाणू. गेल्या आठवड्यात आपल्या बातमीतही लेप्टो विषाणूमुळे होतो असे छापून आले, त्यावरून हे पत्र. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विषाणू, मलेरियाचा विषाणू, कॉलऱ्याचा विषाणू, स्क्रब टायफसचा विषाणू. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिलां-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले तेव्हा तर काही ठिकाणी त्या आजारालाच विषाणू करून टाकले होते. यांपैकी एकाही ठिकाणी तो शब्द बसत नाही. लेप्टो, कॉलरा आणि स्क्रब टायफस हे जीवाणूंमुळे होणारे रोग आहेत. मलेरिया परजीवीमुळे होतो. जीबीएस हा तर जंतूच नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर (मज्जातंतूंवर) उलटली की जो आजार होतो त्याचे ते नाव. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत जो कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला, तोही जीवाणूच.

याला कुणी शब्दांचा कीस म्हणेल. पण या शब्दांवर औषध ठरते, पाण्यात किती क्लोरीन घालायचे ते ठरते, घरातला फिल्टर पुरेल की नाही तेही ठरते. म्हणून पत्र थोडे लांबले तरी चालवून घ्यावे.

सुरुवात कोकणापासून करू. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडे गोव्यात सत्तरी या पट्ट्यात दोन ताप ठाऊक आहेत, लेप्टो आणि माकडताप. दोन्हींची सुरुवात सारखीच: एकाएकी चढलेला ताप, डोके फुटेल अशी डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबर धरणे. दोन्ही बिघडले तर रक्तस्रावापर्यंत जातात. माकडतापाचा जंतू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला. पुण्याच्या त्या वेळच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने), तो शोधला. तो खराखुरा विषाणू आहे, डेंग्यूच्याच कुळातला. गोचीड चावल्याने येतो आणि काजूच्या हंगामात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, रानात पाला गोळा करायला जाणाऱ्यांना गाठतो. लेप्टो हा जीवाणू. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून चिखलात उतरतो आणि भातलावणीला उभ्या असलेल्या माणसाच्या पायावरच्या चिरेतून आत शिरतो. लेप्टोवर डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही प्रतिजैविके चालतात आणि पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर रुग्ण वाचण्याची शक्यता खूप वाढते. माकडतापावर यांतले एकही चालत नाही. तिथे सलाईन, रक्तदाबावर लक्ष आणि रक्तस्रावाची काळजी, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

आता बातमीत ‘लेप्टोच्या विषाणूचा फैलाव’ असे छापले की काय होते ते पाहा. ‘विषाणूवर औषध नसते’ हे वाक्य २०२० पासून लोकांच्या तोंडी बसले आहे. वाचक म्हणतो, औषध नाहीच तर दवाखान्यात जाऊन करायचे काय? दोन दिवस तापाच्या गोळीवर काढतो, आणि लेप्टोत नेमके तेच दोन दिवस मोलाचे असतात. मुंबईत गुडघाभर पाण्यातून चालत आलेल्यांना महापालिका डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते, ते तो जीवाणू आहे म्हणूनच. विषाणू असता तर त्या गोळ्या वाटण्यात अर्थ नव्हता.

लेप्टोबाबत गोंधळ व्हायला एक कारण आहे, हे मात्र मान्य करायला हवे. हा जीवाणू ६ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, पण जाडीला जेमतेम ०.१ मायक्रॉन. बारीक स्प्रिंगसारखा पिळलेला आणि टोकाला आकडा, म्हणून त्याच्या एका जातीच्या नावातच ‘प्रश्नचिन्ह’ आहे: इंटेरोगन्स. एवढ्या बारीक जाडीमुळे तो नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, काळ्या पार्श्वभूमीचा खास सूक्ष्मदर्शक लागतो. प्रयोगशाळेत द्रव निर्जंतुक करायला ०.२२ मायक्रॉन छिद्रांचा पडदा वापरतात, त्यातूनही तो वळवळत पार होतो. स्क्रब टायफसचा जीवाणू आणखी वेगळ्या तऱ्हेने फसवतो. तो जिवंत पेशीच्या आतच वाढतो, त्यामुळे नेहमीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीला, काहीच उगवत नाही आणि रिपोर्टवर ‘वाढ नाही’ असे येते. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास याचे रुग्ण आढळले तेव्हा बातम्यांत कीटक, विषाणू, किडा असे सगळे येऊन गेले. प्रत्यक्षात गवतातल्या चिगर माइटची अळी चावते, तिच्यातून जीवाणू अंगात जातो आणि चावल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली असते. कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय सापडत नाही. यावरही डॉक्सिसायक्लिन उत्तम चालते.

आकारमान डोळ्यांसमोर आणायला स्वयंपाकघर पुरे. डेंग्यूचा विषाणू साधारण ५० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). तो चाळीस हजार पट मोठा केला तर दोन मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीचा दाणा होईल. त्याच मापाने दोन मायक्रॉन लांबीचा, अर्धा मायक्रॉन जाडीचा जीवाणू म्हणजे आठ सेंटिमीटरचे, बोटाएवढ्या जाडीचे वेलची केळे. रक्तातली तांबडी पेशी एक फुटाची भाकरी, तीही मधे दाबलेली. आमांशाच्या अमिबाचे कवच धारण केलेले रूप दोन फुटांच्या परातीएवढे. आणि डोक्यावरचा केस? पावणेतीन मीटर जाडीचा बुंधा. या सगळ्यांना ‘सूक्ष्म’ म्हणून एका टोपलीत टाकणे म्हणजे मोहरी आणि परात एकाच चाळणीने चाळणे.

चाळणीचा हा प्रश्न घराघरात आहे. फिल्टरमधल्या चिनी मातीच्या कँडलची छिद्रे साधारण अर्धा ते एक मायक्रॉनची असतात, म्हणजे आपल्या मापाने दोन ते चार सेंटिमीटरची भोके. परात अडकणार, केळी बरीचशी अडकणार, मोहरी भसाभसा खाली पडणार. काविळीच्या ए आणि ई या प्रकारांचे विषाणू तर डेंग्यूच्या विषाणूहूनही लहान, तीसेक नॅनोमीटरचे. म्हणून ‘काविळीचे जंतू, पाणी गाळून प्या’ हा सल्ला अर्धवट आहे. गाळून मग उकळून, असा हवा. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवले तर हे तिन्ही गट संपतात. यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) पडद्याची छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपासची, तिथे मोहरीही अडते. यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा विषाणू-जीवाणू दोन्ही निकामी करतो, पण पाणी गढूळ असेल तर किरण आतवर पोचत नाहीत. शिवाय नळी पेटलेली दिसते म्हणून ती काम करते असे नाही. आठ-नऊ हजार तासांनंतर तिचा मारा कमी होतो आणि ते डोळ्यांना कळत नाही.

क्लोरीनची गोष्ट नेमकी उलटी. चाळणीत अडकणारी परात क्लोरीनला दाद देत नाही. अमिबा, जिआर्डिया यांची कवचे नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनमध्ये तग धरतात. जीवाणू पटकन मरतात. विषाणू मरतात, पण त्यांना मात्रा जास्त लागते आणि वेळही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, हा फरक आकड्यांत दिलेला आहे: नळापाशी मुक्त अवशिष्ट क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५. जिथे काविळीची साथ आहे तिथल्या बातमीत ‘जीवाणू’ आणि जिथे कॉलरा आहे तिथे ‘विषाणू’ छापले गेले, तर वाचून कामाला लागणारा जलसुरक्षक अडीच पटींनी चुकणार.

ही कागदावरची शंका नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले. जलशुद्धीकरण केंद्रात ते लक्षात आल्यावर क्लोरीन वाढवण्यात आला. टायफॉइड आणि जीवाणूंची हगवण वाढली नाही, म्हणजे जीवाणूंचा बंदोबस्त झाला होता. पण डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या काविळीचा विषाणू, आज ज्याला हेपटायटिस ई म्हणतात, तो वेगळा ओळखला जायला पुढे पंचवीसेक वर्षे लागली.

गावपातळीवर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरणाऱ्यांसाठी, विषय निघालाच आहे म्हणून. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण ताज्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे आहे. पोते उघडे राहिले, पावसाळी हवा लागली की क्लोरीन उडतो. तो २० टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर चुना म्हणूनच उरते. पावडर थेट टाकीत भिरकावू नये. बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळीच टाकीत ओतावी आणि अर्धा तास थांबून मगच ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन पाहायची चाचणी) करावी. गढूळ पाण्यात निम्मा क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. तिथे आधी तुरटी, मग टीसीएल.

आता त्या शब्दाकडे, जो चुकला की आम्हाला खरोखर धडकी भरते. शाळांमधून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मुलांना देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी गोळी, तीही पूड करून. ही जंतनाशक गोळी. जंत म्हणजे पोटातले कृमी. गोलकृमी वीतभर लांबीचा होतो, त्याला सूक्ष्म म्हणायला कुणाची जीभ वळणार नाही. पण दरवर्षी बातम्यांत आणि फलकांवर ‘विद्यार्थ्यांना जंतुनाशक गोळ्यांचे वाटप’ असे वाचायला मिळते. जंतुनाशक म्हणजे जंतू मारणारे: फिनेल, ब्लीचिंग, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या. आणि या क्लोरीनच्या गोळ्याही पुराच्या काळात त्याच आशाताई त्याच पिशवीतून वाटतात. एका उकाराने पोटात घ्यायची गोळी आणि हंड्यात टाकायची गोळी यांची अदलाबदल होते. हा उकार बातमीत सांभाळण्यासाठी शास्त्र शिकावे लागत नाही, मराठी पुरते.

डेंग्यूच्या बातमीतला दुसरा नित्याचा घोटाळा ‘पांढऱ्या पेशी’ हा. ‘रुग्णाच्या पांढऱ्या पेशी २० हजारांवर आल्याने प्रकृती चिंताजनक’ असे वाक्य लोकही बोलतात आणि छापूनही येते. पांढऱ्या पेशींची निरोगी माणसातली संख्या एका मायक्रोलिटरला ४ हजार ते ११ हजार. २० हजार म्हणजे त्या कमी झाल्या नाहीत, दुपटीच्या आसपास वाढल्या. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही खाली येतात, पण त्या दोन-तीन हजारांपर्यंत. बातमीत म्हणायचे असते ते प्लेटलेटबद्दल, ज्यांची सर्वसाधारण संख्या दीड ते साडेचार लाख. प्लेटलेट ही पुरती पेशीही नव्हे. हाडाच्या मगजातल्या एका अवाढव्य पेशीचे तुकडे पडतात, ते दोन-तीन मायक्रॉनचे तुकडे म्हणजे प्लेटलेट. मराठीत रक्तपट्टिका, बिंबिका असे शब्द आहेत आणि ते चांगले आहेत, पण बातमीत सरळ प्लेटलेट लिहावे असे आमचे मत. रिपोर्टवर तोच शब्द असतो आणि नातेवाइकांच्या तोंडीही तोच.

या आकड्याला एकक चिकटलेले असते तेही गळता कामा नये. मायक्रोलिटर म्हणजे एक घन मिलिमीटर. बोटाच्या टोकावरून पडणाऱ्या एका थेंबात असे पन्नासेक मायक्रोलिटर मावतात. काही यंत्रे प्लेटलेटचा आकडा ‘१२०’ असा छापतात आणि शेजारच्या रकान्यात ‘हजार’ असते. काही ‘१.२’ छापतात आणि रकान्यात ‘लाख’. काही पूर्ण १,२०,००० लिहितात. तिन्ही एकच. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवताना शेजारचा रकाना कापला गेला की ‘प्लेटलेट १२० वर आल्या’ अशी ओरड होते आणि रक्तदात्यांसाठी संदेश फिरू लागतात.

कमी आलेला आकडा खराच कमी आहे का, हेही पाहावे लागते. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते. काही जणांच्या रक्तात त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे बनतात, आणि यंत्र त्या गोळ्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. सुई नीट न लागल्याने रक्त थेंबथेंब आले, नळी लगेच हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी केली नाही, तरी बारीक गुठळ्या होतात आणि आकडा पडतो. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून, रंगवून, तेलाच्या भिंगाखाली पाहायचे. दहा ठिकाणच्या प्लेटलेट मोजून सरासरी काढायची आणि तिला साधारण १५ हजारांनी गुणायचे. सरासरी आठ आली तर सव्वा लाखाच्या आसपास. पट्टीच्या कडेला गोळे दिसले तर निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचे. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचे. उलटही घडते. लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया असलेल्यांच्या तांबड्या पेशी इतक्या लहान असतात की काही यंत्रे त्यांनाच प्लेटलेट समजतात, आणि मग खऱ्या कमी प्लेटलेट झाकल्या जातात. दोन हजारांच्या फरकाने दोन प्रयोगशाळांची तुलना करणाऱ्या बातम्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. शिवाय डॉक्टरांचे लक्ष एकट्या प्लेटलेटवर नसते. रक्त घट्ट होत चालले आहे का, हे सांगणारा पीसीव्हीचा आकडा चढू लागणे जास्त धोक्याचे. तो बातमीत कधी दिसत नाही.

एककांचा विषय निघाला आहे तर तो पुरता बोलू. मिली म्हणजे हजारावा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा, नॅनो म्हणजे अब्जावा. प्रत्येक पायरीला हजार पट. मायक्रोसाठी ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर वापरतात. ते टंकात नसले की त्याच्या जागी ‘एम’ पडतो आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. थायरॉइडच्या गोळ्या २५, ५०, १०० मायक्रोग्रॅमच्या असतात. आरोग्याच्या पुरवणीत ‘१०० मिलिग्रॅम’ छापले तर ती हजार गोळ्यांची मात्रा झाली. बी-१२ च्या गोळीवरचे १५०० हेही मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम. गंमत म्हणजे आठवड्याला घेतात त्या ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीतही बरोबर १५०० मायक्रोग्रॅमच असते, कारण त्याची ४० युनिटे म्हणजे एक मायक्रोग्रॅम. आकडे पाहून कुठले ‘जास्त ताकदीचे’ ते ठरवणाऱ्यांनी याचा विचार करावा. करोनाच्या काळात रक्तातल्या गुठळ्यांचा अंदाज देणाऱ्या डी-डायमर चाचणीने अशीच धांदल उडवली. एका प्रयोगशाळेचा ०.८५ आणि दुसरीचा ८५०. पहिला मायक्रोग्रॅममध्ये, दुसरा नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे एकच. पण हजार पटींनी वाढला म्हणून लोक रात्री बेड शोधत फिरले.

मायक्रॉन हा शब्द भाजीवाल्यालाही ठाऊक आहे, प्लास्टिकच्या पिशव्यांमुळे. केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. बातमीत मात्र ‘१२० मायक्रॉनपेक्षा कमी आकाराच्या पिशव्या’ असे येते. आकार पिशवीचा, मायक्रॉन तिच्या जाडीचे. पीएम २.५ (हवेतले बारीक धूलिकण) मधला २.५ हाही मायक्रॉनच, कणाच्या व्यासाचा. तो प्रदूषणाचा आकडा नव्हे. हवेतले प्रमाण मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मोजतात, आणि २४ तासांची भारतीय मर्यादा ६० आहे. एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) हा तिसराच आकडा, त्याला एककच नसते. पीएम २.५ चे प्रमाण ९० मायक्रोग्रॅम असेल तर त्याचा एक्यूआय २०० येतो. ‘पीएम २.५ ची पातळी २०० एक्यूआय मायक्रोग्रॅम’ असली खिचडी छापण्यापेक्षा एकच आकडा द्यावा.

एक घोळ हिंदीतून येतो. वृत्तसंस्थेची हिंदी बातमी मराठी करताना शब्द लिपीसकट तसेच उतरतात, कारण ते ओळखीचे वाटतात. हिंदीत परमाणु म्हणजे आपला अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. म्हणून ‘पाण्याच्या अणूत दोन परमाणू हायड्रोजनचे’ हे वाक्य मराठीत अर्थहीन आहे. हिंदीतली कोशिका ती आपली पेशी. आपली केशिका ती बारीक रक्तवाहिनी. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, आणि हिंदीतला स्नायु म्हणजे आपली चेता! जीबीएसच्या बातम्यांत ‘स्नायूंवर विषाणूचा हल्ला’ असे आले ते बहुधा याच वाटेने. हल्ला चेतांवर होतो. स्नायू लुळे पडतात ते त्यांना हुकूम पोचत नाही म्हणून.

‘काळी बुरशी’ हे २०२१ मधले नाव आता रूढ झाले आहे, त्याला इलाज नाही. तरी म्युकरची बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिनीत शिरते, रक्त अडते आणि त्यापुढचा मांसाचा भाग मरून काळा पडतो. सूक्ष्मदर्शकात तिचे तंतू रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले दिसतात. भाकरीवर उगवणारी ‘काळी’ बुरशी पाहून घाबरून फोन करणाऱ्यांना हे सांगावे लागते.

शुद्धलेखनाबद्दल दोनच ओळी. विष आणि अणू मिळून विषाणू, जीव आणि अणू मिळून जीवाणू. जिवाणू असेही छापतात, पण फोड केली की जी दीर्घ का ते दिसते. समासात पुढे शब्द आला की णू ऱ्हस्व होतो: विषाणुजन्य, जीवाणुनाशक, जंतुसंसर्ग. नावांतला ‘विष’ आणि ‘जीव’ हा भेद ज्याने हे शब्द घडवले त्याने मोठा विचार करून ठेवला आहे: एक नुसता विषारी कण, पेशीबाहेर निर्जीवासारखा पडून राहणारा. दुसरा खातो, वाढतो, दुभंगून दोन होतो.

विनंती एवढीच, की साथीची बातमी देताना आरोग्य अधिकाऱ्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारावा: हा विषाणू, जीवाणू, परजीवी की बुरशी? उत्तर मिळाले नाही, किंवा तपासणी व्हायची असेल, तर सरळ ‘जंतू’ लिहावे. तो शब्द चौघांनाही चालतो आणि खोटे काही सांगत नाही. आकड्यापुढचे एकक रिपोर्टवर असेल तसे पूर्ण अक्षरांत लिहावे, मायक्रोग्रॅम तर मायक्रोग्रॅम, संक्षेप नको.

आणि गेल्या आठवड्यातल्या बातमीची दुरुस्ती छापणार असाल तर मजकूर असा घेता येईल: ‘लेप्टोस्पायरोसिस हा विषाणूमुळे नव्हे, जीवाणूमुळे होतो. त्यावर प्रतिजैविके उपलब्ध आहेत. चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात वावरल्यानंतर ताप आल्यास त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जावे आणि पाण्यात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.’

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र आणि पॅथॉलॉजी शिकवणारे काही वाचक,
कोल्हापूर